बायनामायचं तेल आणि दिल्लीचं अपील

झरीत कुणी फार मोठेपणा मिरवायला लागला की बाकीचे एवढंच म्हणत, "बायनामायला विचारावं का?" बोलणारा गप्प बसायचा. गावातल्या निम्म्याअधिक लोकांना बायनामायनं त्यांच्या आयुष्याच्या पहिल्या मिनिटाला पाहिलेलं होतं, आणि त्या मिनिटाला कुणाच्याच डोक्यावर पटका नसतो.

बायनाबाई आमच्या वस्तीतली सुईण. काळी, उंच, हाडापेरानं मोकळी, आणि तोंडानं त्याहून मोकळी. मीही तिच्याच हातचा. पुढं शिकून गावच्याच शाळेत इंग्रजीचा मास्तर झालो, पण तिला त्याचं काही नव्हतं. चारचौघांत मला दाखवून ती सांगायची, "ह्यो रंगनाथ पायाळू. उलटा आला, आन् अजून बी सरळ न्हाई." पोरं फिदीफिदी हसायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात माझी छडी जरा जास्त चालायची.

छप्पन्न साली आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा वस्तीची बैठक बसली. गावकीची कामं बंद, मेलेली ढोरं ओढणं बंद, हे एका दमात ठरलं. मग कुणीतरी उत्साहानं म्हणालं की सुईणपणही बंद करा, तेही गावकीचंच काम. बायनामाय बायकांच्या घोळक्यातून उठली आणि म्हणाली, "मेलेलं वडायचं सोडलं, बेस झालं. पर जित्तं अडकलं तर कोण वडायचं, तू का?" सुईणपण चालू राहिलं. मात्र तिनं एक बदल केला. तोवर वरच्या आळीत तिला मागच्या दारानं आत घेत आणि ती गेल्यावर घरभर गोमूत्र शिंपडत. आता ती पुढच्या दाराशी उभी राहायची. मागं या म्हणालं की विचारायची, "पोरगं बी मागच्या दारानंच आणायचं हाय का?" कळा सुरू झालेल्या घरात वाद घालायला कुणाला वेळ नसतो, त्यामुळं पुढचं दार उघडायचं.

तिची खरी प्रतिष्ठा मात्र तेलात होती. करडीचं तेल, लसणाच्या दोन पाकळ्या, चिमूटभर ओवा. कढवायचं, कोमट करायचं, आणि बाळाच्या टाळूवर आणि दोन्ही कानांत सोडायचं. आजारी पोराच्या नव्हे, सगळ्याच पोरांच्या. आमच्याकडं कानात तेल न घातलेलं पोर म्हणजे आई नसलेलं पोर. स्वतःच्या सितारामच्या कानात तर तिनं तो फौजेत भरती होईपर्यंत तेल घातलं. अठ्ठावन्न साली तो निघाला त्या दिवशी सकाळीही तिनं त्याला मांडीवर आडवं केलं होतं. एकोणीस वर्षांचा बाप्या, नवी चड्डी, आणि डोकं आईच्या मांडीवर. मी स्वतः पाहिलंय.

सिताराम पायदळात उखळी तोफेवर होता. तोफेच्या नळीत गोळा सोडायचा आणि कानावर हात ठेवून खाली वाकायचं, हे त्याचं काम. एकाहत्तरच्या लढाईत गोळे इतके झाले की दुसरा गोळा उचलायचा की कान झाकायचा असा प्रश्न आला, आणि सितारामनं गोळा उचलला. असं अकरा दिवस. लढाई संपली, आपण जिंकलो, आणि त्याच्या डाव्या कानातून आधी रक्त, मग पू यायला लागला. त्यानं तीन महिने कुणाला सांगितलं नाही. आमच्या माणसांना दुखणं सांगायची लाज वाटते, त्यात फौजेची भर.

शेवटी त्याला लष्करी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं हिंदीत विचारलं, कानाला आधी कधी काही केलं होतं का? सिताराम ताठ उभा राहिला आणि अभिमानानं म्हणाला, "जी साब. माँ तेल डालती थी. लसन डालके. बचपन से." झरीचा कुणीही माणूस हेच बोलला असता. डॉक्टर कुठल्या मुलखाचा होता कोण जाणे, त्यानं कागदावर लिहिलं: कानाचा आजार लहानपणापासून, घरगुती उपचार चालू होते.

त्या एका ओळीनं सितारामची चौदा वर्षांची नोकरी खाल्ली. पंधरा भरली असती तर नोकरीची पेन्शन मिळाली असती. कान नोकरीत गेला असं ठरलं असतं तर अपंगत्वाची मिळाली असती. यातलं काहीच न होता तो बाहत्तर साली घरी आला, एक ट्रंक, दोन पदकं आणि एक कान घेऊन. दुष्काळाचे दिवस. वस्ती सगळी रस्त्यावर खडी फोडायला. त्याला परभणीत कापसाच्या एका जिनावर राखणदाराची जागा मिळाली. चोर डाव्या बाजूनं आला तर त्याचं नशीब.

त्यानं पेन्शनीसाठी केलेल्या दाव्याला फौजेचं पत्र आलं त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. इंग्रजी असल्यामुळं माझ्याकडं आलं. सिताराम, त्याची बायको सत्यशीला आणि बायनामाय माझ्या ओट्यावर बसले. मी घसा साफ करून वाचलं आणि मराठी करून सांगितलं: सदर दोष नोकरीमुळे झालेला नाही, नोकरीमुळे वाढलेलाही नाही, तो अंगभूत आहे, सबब दावा नामंजूर. तोफेनं केला नाही, तोफेनं वाढवलाही नाही. मग कान गेला कशानं, हे सांगायला सरकार बांधील नव्हतं.

"अंगभूत म्हंजी?" बायनामायनं विचारलं.

"म्हणजे आधीचाच. अंगातलाच. लहानपणी तेल घालत होते, त्यावरून ते म्हणतेत की कान तवापासूनच खराब होता."

"माझ्या तेलानं कान गेला म्हणतेत?"

"तसं लिहिलं न्हाई."

"मंग काय लिहिलंय? मी खराब कानाचं पोरगं जल्माला घातलं?"

दोन्हीपैकी एक काहीतरी होतंच, आणि दोन्ही तिच्याच माथी होतं. मास्तर असूनही मला त्यातून तिला सोडवणारं तिसरं वाक्य सापडलं नाही.

चार दिवसांत गावभर झालं. सरकारी कागद म्हणजे शेवटी सरकारी कागद. वरच्या आळीत एक सून अडली तर तिला बैलगाडीत घालून परभणीला नेलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बायनामायच्या दारावरून गाडी तशीच पुढं गेली. सत्यशीलाचं धाकटं लेकरू तेव्हा सव्वा महिन्याचं होतं. त्याच्या कानात तेल घालायला बायनामायनं हात लावला नाही. सत्यशीलानं वाटी पुढं केली तर म्हातारी उठून बाहेर गेली. मला वाटलं, रागानं.

आठवड्यानं ती माझ्याकडं आली. "वर अपील करता येतंय म्हणं."

"येतं. सहा महिन्यांत करावं लागतं."

"कर. पेन्शनीचं काय ते पोरगं बघंल. तू माझं नाव काढ त्या कागदातून."

माझं इंग्रजी म्हणजे रजेच्या अर्जाचं इंग्रजी. त्यात मी अंगात ताप असल्याचं उत्तम लिहू शकत होतो; सरकार चुकलं हे कसं लिहायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हणालो, नुसतं लिहून भागणार नाही, पुरावा लागेल. ती म्हणाली, "पुरावा गावभर हिंडायलाय. माझ्या तेलानं बहिरं होत असतं तर आख्खी झरी बहिरी पायजे."

हे मला एकदम पटलं. आम्ही यादी करायला घेतली. तिच्या हातचे, तिचं तेल कानात गेलेले आणि अजून जिवंत, असे एकशे बासष्ट निघाले. पण नुसत्या अंगठ्यांवर दिल्ली विश्वास ठेवील का? त्यांना ऐकू येतं हेही सिद्ध करायला हवं. म्हणून एका रविवारी शाळेच्या पटांगणात आम्ही झरीचं मेडिकल बोर्ड बसवलं. माणूस चाळीस पावलांवर पाठमोरा उभा करायचा, मी हळू आवाजात काहीतरी बोलायचं, आणि त्यानं ते सांगायचं. पहिले चार-पाच जण अंदाजानं काहीही सांगू लागले. मग बायनामायनं युक्ती काढली. ज्याला गावानं पाठीमागं जे नाव ठेवलं होतं, ते हळूच घ्यायचं. मी "बोकड" म्हणालो आणि चाळीस पावलांवरून एक गृहस्थ चप्पल काढून आला. मी "उधारी" म्हणालो, दुसरा आला. दुपारपर्यंत एकशे एकसष्ट जणांना उत्तम ऐकू येतं हे सिद्ध झालं आणि माझ्याशी गावात बोलणारं कुणी उरलं नाही.

राहिला एक. यादीतलं पहिलं नाव, सरपंच माणिकराव पाटील. त्यांची सही आणि पंचायतीचा शिक्का असल्याशिवाय ती यादी म्हणजे रद्दी. अडचण अशी की माणिकरावांनी गेली वीस वर्षं गावाला सांगितलं होतं की त्यांचा जन्म निजामाच्या राज्यात, हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात, गोऱ्या नर्सच्या हातून झाला. भाषणातही ते हे आणत. आता ते आमच्या यादीत पहिल्या नंबरावर होते.

आम्ही गेलो तेव्हा ते ओसरीवर लोडाला टेकून बसले होते. चारपाच माणसं समोर. मी आणि सिताराम पायरीजवळ, बायनामाय खाली अंगणात. माणिकरावांनी कागद वाचला, वरचं नाव पाहिलं आणि हसत परत केला.

"मास्तर, शिक्का देतो की. पर पैलं नाव खोडा. मी हैदराबादचा. तुमच्या तेलाशी माझा काय संबंध?"

"अण्णा, नाव खोडलं तर यादी—"

"संबंध न्हाई म्हणलं ना. सितारामचा कान अंगचाच खराब असंल. सरकार काय याडं हाय?"

हे ऐकून माझं डोकं फिरलं. तोंडाशी आलेलं मी बोलणार होतो, तेवढ्यात अंगणातून बायनामाय बोलली. ओरडली नाही. देवळात बाई बाईशी बोलते तेवढ्या आवाजात म्हणाली, "डाव्या कुल्ल्यावर कवडीयेवढा तीळ हाय. हैदराबादच्या मडमीनं बघितला व्हता का, माणिक?"

मी पायरीजवळ असून मला ते जेमतेम ऐकू आलं. समोर बसलेल्यांना ऐकूच आलं नाही. माणिकरावांना मात्र स्वच्छ ऐकू आलं. ते लोडावरून उठले, पायात जोडा न घालता पायऱ्या उतरून आले आणि माझ्या हातातला कागद आणि खिशातला पेन दोन्ही ओढून घेतले. आतून त्यांच्या आईचा, रुख्मिणीकाकूंचा आवाज आला, "दे रे लिहून, माणक्या. तिनं बोट घालून घशातलं पाणी काढलं न्हाईतर निळाच पडला व्हतास तू." माणिकरावांनी सही केली, शिक्का मारला आणि आम्ही फाटकापर्यंत पोचायच्या आत भाषणाला म्हणून ते झरी सोडून निघून गेले.

अपील गेलं. दिल्लीला कागद पोचायला आठ दिवस लागले आणि दिल्लीला तो वाचायला दोन वर्षं. तेवढ्यात आणीबाणी आली, पोस्टात वेळेवर कामं करा अशी पाटी लागली, आणि आमचं पत्र त्यामुळं आलं की चुकून, ते माहीत नाही. पत्रात लिहिलं होतं: फेरतपासणीसाठी लष्करी दवाखान्यात हजर व्हावे.

"मी बी येते," बायनामाय म्हणाली. सितारामनं समजावलं की तिथं आयांना आत घेत नाहीत. "मागच्या दारानं बी न्हाई का?" असं विचारून तिनं लुगड्याची गाठ बांधली. एसटीनं परभणी, तिथून रेल्वे, पुढं पुन्हा गाडी. मी सुट्टीचा अर्ज टाकून बरोबर गेलो. अर्जात ताप लिहिला होता.

तिला आत घेतलं नाहीच. ती व्हरांड्यात खाली बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत तेलाची बाटली. आत तीन डॉक्टर. सितारामच्या कानात नळ्या घातल्या, घंट्या वाजवल्या. मधला डॉक्टर मेजर होता, मिशीवाला, पंजाबकडचा. तो मध्येच बाहेर आला आणि त्यानं विचारलं, ही यादीवाली माँ कुठंय? मी बोट दाखवलं. बायनामाय उभी राहिली. तिची हिंदी म्हणजे निजामी राज्यात बाजारात शिकलेली, व्याकरणाची फिकीर नसलेली दखनी.

"येच तेल है क्या?" त्यानं गमतीनं तिच्याच सुरात विचारलं.

"येच है. सुंगके देखो. हमारे हातके तेलसे कोई भैरा नै हुआ साब. एक सौ बासट लोगां है, सबकू सुनाई देता. तुमारे माँने नै डाला क्या तुमारे कानमें?"

मेजरनं बाटलीचं बूच काढलं आणि वास घेतला. मग म्हणाला, "डाला था, माँजी. सरसों का." आणि आत गेला.

निकाल छप्पन्न दिवसांनी आला. पुन्हा माझा ओटा, पुन्हा तेच तिघं, फक्त आता जेवणवेळ होती म्हणून सत्यशीलानं सितारामचं ताट इकडंच आणलं होतं. मी पत्र उघडलं. पहिलं वाक्य वाचलं आणि माझाच विश्वास बसला नाही. मी मोठ्यानं मराठी केलं: अपिलाचा विचार करता, डाव्या कानाचा दोष हा युद्धसेवेमुळे झाला असे मान्य करण्यात येत आहे, तो पूर्वीचा अथवा अंगभूत नाही. सितारामच्या चेहऱ्यावर मी पंधरा वर्षांत न पाहिलेलं काहीतरी आलं. सत्यशीलानं पदर तोंडाला लावला.

मग मी दुसरं वाक्य वाचलं. तथापि, एकच कान गेलेला असल्यामुळे अपंगत्व पंधरा ते एकोणीस टक्के ठरते. पेन्शनला किमान वीस टक्के लागतात. सबब पेन्शन देय नाही.

मी काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. मी मास्तर आहे. तोफ चालवली मान्य, कान गेला मान्य, तोफेनंच गेला मान्य, पण आणखी एक टक्का बहिरा व्हायला पाहिजे होतास असं सरकार त्याला सांगत होतं. सिताराम खाली बघत भाकरीचा काठ मोडत राहिला. मला त्याच्याकडं बघवेना.

"पैलं परत वाच," बायनामाय म्हणाली.

मी वाचलं. तिनं आणखी एकदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचताना ती ओठ हलवत होती.

सत्यशीलाचा तोल सुटला. "आत्याबाई, वाक्य शिजवून घालू का लेकरायला? तीन वरसं झाली. काय भेटलं?" ती उठली आणि लेकराला काखेत मारून घराकडं चालू लागली. तिचं काही चुकत नव्हतं. मी तिच्या जागी असतो तर पत्रही सोबत नेऊन चुलीत घातलं असतं.

ओट्यावर आम्ही तिघंच उरलो. सिताराम जेवत होता, मी त्याच्या डाव्या हाताला बसलो होतो. बायनामाय उठून माझ्या आणि त्याच्या मध्ये येऊन बसली. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्याच्या डाव्या कानाजवळ तोंड नेलं आणि अगदी हळू, मला ऐकू येईल एवढंच, म्हणाली, "मलाच वाटायलं व्हतं रं, मीच तुला बहिरं केलं. तीन वरसं रोज वाटायलं व्हतं."

मान वळवून सितारामनं विचारलं, "काय म्हणलीस, माय?"

"भाकर गार व्हायलीय," ती मोठ्यानं म्हणाली. "खा."